ओएनजीसी घ्यावा की इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएल? डिव्हिडंडसाठी पैसे लावण्याआधी वाचा

डिचोलीतले आमचे एक मावसभाऊ शाळेतून रिटायर झालेत. फंडाचे पैसे हातात आलेत, एफडीच्या व्याजावर समाधान नाही आणि डोक्यात पक्कं बसलंय की तेल कंपन्या सरकारी आहेत म्हंजे बुडणार नाहीत आणि वर डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला शेअरवाल्यांचा वाटा, पण देतात. प्रश्न एकच, ओएनजीसी घेऊ की इंडियन ऑइल. हाच प्रश्न पणजी-फोंड्याकडच्या बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी काही सल्लागार नाही, सेबीचं रजिस्ट्रेशन वगैरे नाही, हे शेअर बरीच वर्षं बाळगून आहे आणि त्यांच्या बातम्या सोडत नाही एवढंच.

आधी बेसिक. ओएनजीसी तेल आणि गॅस जमिनीतून, समुद्रातून काढते आणि विकते. इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएल हे पंपवाले, ते क्रूड म्हणजे कच्चं तेल विकत घेतात, रिफायनरीत शुद्ध करतात आणि पंपावर पेट्रोल-डिझेल, घरी सिलिंडर विकतात. म्हणजे क्रूड महाग झालं की ओएनजीसीची मजा आणि स्वस्त झालं की पंपवाल्यांची, असा सरळ हिशोब. त्यामुळेच युट्यूबवर कोणीही सांगतं की दोन्ही अर्धे अर्धे घ्या, एक पडला की दुसरा वर जाईल. मला हे अजिबात पटत नाही, कारण आपल्याकडे क्रूड भडकलं की दोघांच्याही खिशात हात जातो, आणि तो हात सरकारचा असतो, जे या कंपन्यांचं मालक पण आहे, कर घेणारं पण आहे आणि भाव किती ठेवायचा हे न बोलता ठरवणारं पण आहे.

२०२२ चं वर्ष बघा, सगळं त्यात आहे. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मार्चमध्ये ब्रेंट क्रूड, ज्याच्यावरून जगात तेलाचा भाव बघतात, बॅरलला १२० डॉलरच्या वर जाऊन आलं. ओएनजीसीवाले खूश, आता प्रॉफिटचा पाऊस. १ जुलैला सरकारने देशात निघणाऱ्या क्रूडवर टनामागे २३,२५० रुपये विंडफॉल टॅक्स, म्हणजे अचानक मिळालेल्या जादा नफ्यावरचा कर, लावला, बॅरलचा हिशोब केला तर साधारण ४० डॉलर. शेअर त्याच दिवशी धाडकन आपटला. पुढे हा टॅक्स दर पंधरा दिवसांनी वरखाली होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला, म्हणजे क्रूड थंड झाल्यावर, जेव्हा त्यात घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्याच वेळी पंपवाल्यांचं काय चाललं होतं? कागदोपत्री पेट्रोलचा भाव २०१० पासून मोकळा, डिझेलचा २०१४ पासून, आणि जून २०१७ पासून तर रोज सकाळी नवा भाव. पण ६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी भाव हलवायचा थांबवला, कसला लेखी आदेश नाही, काही नाही. क्रूड शंभरच्या वर आणि पंपावर जुनाच भाव. एप्रिल ते जून २०२२ या एका क्वार्टरमध्ये इंडियन ऑइलला १,९९२ कोटी, बीपीसीएलला ६,२९१ कोटी आणि एचपीसीएलला १०,१९७ कोटींचा तोटा झाला. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरची एक्साइज, म्हणजे केंद्राचा कर, ८ रुपयांनी कमी केली तेव्हा गोव्यात पेट्रोल ९७ च्या आसपास आलं आणि मग जवळजवळ दोन वर्षं म्हापशाच्या पंपावरच्या बोर्डावर तोच आकडा. बोर्ड हलला तो मार्च २०२४ मध्ये, २ रुपयांनी खाली, आणि लगेच लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. योगायोग म्हणा हवं तर.

आता इथे एक फरक आहे आणि ठरवताना माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा. पंपवाल्यांचा तोटा नंतर भरून निघतो. क्रूड खाली आलं तरी पंपावरचा भाव लगेच खाली आणायला सरकार सांगत नाही, आधी तोटा वसूल करू देतं. म्हणून २०२३-२४ मध्ये त्याच इंडियन ऑइलला ३९,६१९ कोटी, बीपीसीएलला २६,६७३ कोटी आणि एचपीसीएलला १४,६९४ कोटी नफा झाला. ओएनजीसीचा विंडफॉलमध्ये गेलेला पैसा मात्र गेला तो गेलाच, भाव पडल्यावर कोणी परत आणून देत नाही. क्रूड वर गेलं की वरची मलई सरकारची, खाली आलं की नुकसान कंपनीचं.

मग ओएनजीसी नकोच का? थांबा. त्याआधी तिचं दुसरं दुखणं बघू, ते म्हणजे म्हातारे फील्ड, तेल काढायच्या जुन्या जागा. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, सागर सम्राट नावाच्या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगवरून, आणि आजही बराच भार त्याच्यावरच आहे. देशाचं क्रूड उत्पादन २०११-१२ मध्ये साधारण ३ कोटी ८० लाख टन होतं ते २०२३-२४ पर्यंत २ कोटी ९० लाख टनांच्या घरात आलं, आणि गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातल्या ९८/२ ब्लॉकमधून पहिलं तेल जानेवारी २०२४ मध्ये आलं, ठरलेल्या तारखांच्या कितीतरी वर्षं उशिरा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश कंपनीला टेक्निकल पार्टनर म्हणून घेतलंय, फळ मिळायला वेळ लागेल. समुद्रातलं तेल स्वस्तात निघत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बेतूलला ओएनजीसीची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथेच सी सर्व्हायव्हल सेंटरचं उद्घाटन झालं. समुद्रात पडलात तर जिवंत कसं राहायचं हे शिकवायला आख्खं सेंटर लागतं असा हा धंदा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे माड आणि विजेचे खांब पडले, तिकडे मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज, म्हणजे कामगारांना राहायची तरंगती बोट, बुडून सत्तरहून जास्त माणसं गेली. रिग, हेलिकॉप्टर, विमा, सगळंच महाग आणि बराचसा खर्च डॉलरशी बांधलेला.

त्यावर परत भावाची वेसण. जुन्या फील्डमधल्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून भारतीय क्रूड बास्केटच्या, म्हणजे आपण घेतो त्या क्रूडच्या सरासरी भावाच्या, १० टक्के, पण वर कमाल भावाची टोपी, आधी साडेसहा डॉलरची, मग एप्रिल २०२५ मध्ये पावणेसातची. नव्या विहिरींच्या गॅसला मात्र २० टक्के जास्त भाव मिळतो, तो ओएनजीसीसाठी खरा चांगला बदल आहे, जसजशा जुन्या विहिरी आटतील आणि नव्या खोदल्या जातील तसतसा हा हिस्सा वाढेल. क्रूडवर २० टक्के सेस आणि वेगळी रॉयल्टी आहेच.

आणि एक जुना घाव. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीला एचपीसीएलमधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना विकत घ्यायला लावला. सरकारचं डिसइन्व्हेस्टमेंटचं, म्हणजे हिस्से विकून पैसे उभे करायचं, टार्गेट पूर्ण झालं, आणि जी कंपनी कर्जाशिवाय ऐटीत चालायची तिच्या डोक्यावर कर्ज आलं. कमावत्या मुलाच्या बँकेतून बापाने परस्पर पैसे काढावे तसा प्रकार. त्यामुळे ओएनजीसीची कॅश बघून हुरळून जाऊ नका, ती कुठे वळवली जाईल हे ओएनजीसीच्या हातात नसतं. गंमत म्हणजे त्या व्यवहारामुळे आणि इंडियन ऑइलमधल्या १४.२ टक्के हिश्श्यामुळे ओएनजीसी घेतली की थोडा पंपवाला धंदा आपोआप तुमच्याकडे येतोच, मंगळूरची एमआरपीएल रिफायनरी पण तिचीच. अर्धे अर्धे घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता पंपवाल्यांची बाजू. सिलिंडर हे त्यांचं कायमचं दुखणं, बाहेर भाव वाढला तरी घरचा सिलिंडर वाढवायचा नाही, तोटा आधी कंपनीने सोसायचा आणि भरपाई नंतर कधीतरी. ऑक्टोबर २०२२ मध्ये २२ हजार कोटी दिले, ऑगस्ट २०२५ मध्ये परत ३० हजार कोटी मंजूर झाले, तेही हप्त्याहप्त्याने. निवडणुकीचं तर विचारूच नका. २०१८ मध्ये कर्नाटकच्या निवडणुकीआधी १९ दिवस भाव गोठला होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने लिटरमागे १ रुपया कंपन्यांनी सोसायचा असं जाहीर केल्यावर तिन्ही शेअर दणकून पडले.

पंपावरचा भाव कमी झाला म्हंजे कंपनीला तोटा असं दरवेळी नसतं हो, हा घोळ आपल्याकडे बरेच जण करतात. २०१२ मध्ये गोव्यात पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, पेट्रोल ११ रुपयांनी स्वस्त झालं, बांदा-सावंतवाडीची माणसं पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला यायला लागली, पण तो पैसा राज्याच्या तिजोरीतून गेला होता, कंपनीच्या नाही. शेअरवाल्याने व्हॅट, एक्साइज आणि कंपनीचं मार्जिन हे तीन वेगवेगळे खिसे आहेत एवढं समजलं तरी अर्ध्या बातम्या सोप्या होतात.

दुसरी गोष्ट प्रोजेक्टची. एचपीसीएलच्या राजस्थानातल्या बाडमेर रिफायनरीचा खर्च ४३,१२९ कोटींवरून ७२,९३७ कोटींवर गेला. आपल्या शेजारी राजापूरला तिन्ही कंपन्यांची ६ कोटी टनांची महारिफायनरी व्हायची होती, सौदी अरामको येणार होती, नाणार झालं, बारसू झालं, विरोध झाला, आणि वर्षं नुसती निघून गेली. बरं, बांधली असती तरी चांगलं झालं असतं का, मला शंका आहे, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, कळंगुटला भाड्याच्या स्कूटर पण हळूहळू इलेक्ट्रिक दिसायला लागल्यात, तीस-चाळीस वर्षांचा प्लांट कोणत्या भरवशावर बांधायचा हा प्रश्न उरतोच. रशियाच्या स्वस्त क्रूडने मधली वर्षं छान गेली, २०२२ आधी दोन टक्के पण नव्हतं ते एक तृतीयांशाच्या वर गेलं, पण डिस्काउंट आटत गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकऑइलवर निर्बंध टाकले. तो काही कायमचा आधार नाही.

तिघांत कोण, तर इंडियन ऑइलकडे सगळ्यात जास्त रिफायनऱ्या आहेत, सुमारे २० हजार किलोमीटरची पाइपलाइन आहे, पेट्रोकेमिकल आहे, म्हणून वाईट काळात धक्का कमी बसतो, वरचे तोट्याचे आकडे परत बघा. एचपीसीएल जेवढं शुद्ध करते त्याहून जास्त विकते, त्यामुळे पंपाचं मार्जिन गेलं की सगळ्यात जास्त तीच रडते आणि आलं की सगळ्यात जास्त तीच नाचते. बीपीसीएल मधली, तिचं खाजगीकरण होणार म्हणून २०१९ मध्ये लोकांनी घेतली आणि मे २०२२ मध्ये तो बेत गुंडाळला.

आता मावसभावांच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांना दरवर्षी हातात काहीतरी यायला पाहिजे, तर डिव्हिडंड बघू. २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तीन वर्षांत ओएनजीसीने शेअरमागे ११.२५, १२.२५ आणि १२.२५ रुपये दिले. इंडियन ऑइलने ३, १२ आणि परत ३. यावर मी वेगळं काय बोलू. घरखर्चाला डिव्हिडंड हवा असेल तर ओएनजीसी, शेअर वाढेल ही आशा थोडी बाजूला ठेवून, कारण वरची मलई कापली जाते आणि विहिरी म्हाताऱ्या होतायत. पंपवाले घ्यायचे तर ते अशा माणसाने ज्याला दोन वर्षं डिव्हिडंड नाही आला तरी चालतं आणि जो क्रूड भडकलेलं असताना, तोट्याचे रिझल्ट येत असताना, टीव्हीवर सगळे नको म्हणत असताना घेऊ शकतो. नफ्याच्या आकड्यांनी पेपर भरलेला असतो तेव्हा घेणारे बहुतेक अडकतात. रिटायर माणसाला हे जमणं कठीण, स्पष्टच सांगतो.

आणि सगळा फंड कुठल्याच तेल कंपनीत नको. मायनिंग बंद झालं तेव्हा डिचोली-सांखळीत बँकेचे हप्ते थकलेले ट्रक दारात उभे राहिलेले आपण बघितलेत, एका निर्णयावर चालणाऱ्या धंद्यात सगळं घालायचं नसतं हे मावसभावांना माझ्याहून जास्त माहीत. दहा टक्के ठीक, फार तर पंधरा. डिव्हिडंड २०२० पासून आपल्याच उत्पन्नात धरला जातो, एका कंपनीकडून वर्षाला १० हजारांच्या वर आला तर १० टक्के टीडीएस कापून येतो, तेव्हा एफडीशी तुलना करताना टॅक्स कापून हातात किती येतं तो आकडा धरा.