मोल्सवर्थ आडनावाचा माग : वंशावळीच्या संकेतस्थळाचा नऊ महिन्यांचा अनुभव

भाषांतर हा माझा व्यवसाय, त्यामुळे मोल्सवर्थचा कोश कायम हाताशी असतो. माझी प्रत १९७५ च्या पुणे पुनर्मुद्रणाची. शब्द अडला की आमच्याकडे ‘मोल्सवर्थ काढ’ असंच म्हणतात. १८३१ साली पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ च्या आवृत्तीत साठ हजार शब्दांच्या घरात गेलेला हा मराठी-इंग्रजी कोश. इतकी वर्षं मोल्सवर्थ म्हणजे माझ्या लेखी एक पुस्तक होतं. मग जेम्स थॉमस मोल्सवर्थ या माणसाबद्दल वाचताना प्रश्न पडला, की ज्याने आपल्या हजारो शब्दांचे अर्थ लावले त्याच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ काय? हे आडनाव इंग्लंडमध्येही विरळाच. वंशावळी शोधून देणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. त्याला आता नऊ महिने झाले.

आधी एक स्पष्ट सांगते. आडनावाचा उगम मला या वर्गणीतून मिळालाच नाही, तो फुकट मिळाला. नॉटिंगहॅम विद्यापीठाचा इंग्लिश ग्रामनामांचा शोधकोश आणि डूम्सडे नोंदींचं खुलं संकेतस्थळ, दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. मोल्सवर्थ हे गाव आहे. पूर्वी हंटिंग्डनशायरमध्ये होतं, १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये. इंग्लंडचा राजा विजेता विल्यमने १०८६ साली करवलेल्या जमिनींच्या डूम्सडे पाहणीत ते ‘मोल्सवोर्दे’ असं लिहिलंय. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती आणि ‘मूल’ हे माणसाचं नाव. मूल म्हणजे खेचर, पण माणसांना ते नाव सर्रास देत असावेत. केंटवर राज्य करणाऱ्या एका राजाचं नावही मूलच होतं, आणि ६८७ साली केंटच्याच लोकांनी त्याला जाळून मारलं. गाव वसवणारा मूल अर्थातच वेगळा, त्याच्याबद्दल नावापलीकडे काही उरलेलं नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर मूलची वाडी, आणि कोशकार मूलवाडीकर! हे कळलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

एक गोष्ट आपल्यासारखीच. गावात राहणाऱ्याला कोणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच ते नाव चिकटतं. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, वॉल्टर द मोल्सवर्थ होता. त्यातला ‘द’ म्हणजे ‘चा’: मोल्सवर्थचा वॉल्टर. पुढे तो ‘द’ गळाला आणि आडनाव उरलं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात एक शाखा कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोला गेली, तिला १६८९ मध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला. दुसरी आयर्लंडमध्ये रुजली. १७१६ मध्ये तिथला रॉबर्ट मोल्सवर्थ व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. डब्लिनमध्ये आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

आता वर्गणीबद्दल. तिचा खरा उपयोग जनगणनेच्या पानांसाठी. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत आणलेलं असतं आणि जन्मस्थळाबद्दल फक्त ‘याच काउंटीतला (जिल्ह्यातला) का’ आणि नसल्यास ‘स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशातला’ एवढंच विचारलेलं असतं. म्हणजे अडतीस वर्षांचा माणूस पस्तिशीचा दिसतो. त्या पानांवर मी दोन महिने वाया घालवले. १८५१ पासून जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, लिहिलेलं मिळतं, आणि तिथून शोध मार्गी लागला. त्यामुळे थेट १८५१ पासून सुरुवात करा आणि मागे जा. १ जुलै १८३७ च्या आधी सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी नाही, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांमध्ये. त्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला, पण सगळीकडच्या तेव्हापासून टिकलेल्या नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी: अनुक्रमणिका. हस्ताक्षरातला ‘एम’ कित्येकदा ‘डब्ल्यू’ वाचलेला आहे, त्यामुळे शोधात माणूस सापडतच नाही. मूळ पानाचं छायाचित्र उघडलं की नाव स्वच्छ दिसतं. चुकीची दुरुस्ती मी सहा वेळा कळवली, दोनदाच उत्तर आलं. आता मी आडनाव न टाकता गाव आणि पहिलं नाव टाकून शोधते. विरळ आडनावाला हीच युक्ती चालते.

आणि इतर सदस्यांनी रचलेल्या वंशवृक्षांपासून कृपया दूर राहा. मला दिसलेला जवळजवळ प्रत्येक मोल्सवर्थ तिथे त्या व्हायकाउंटच्या घरात नेऊन जोडलेला आहे, पुरावा मात्र दुसऱ्या वंशवृक्षाचाच. ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) विकणाऱ्या जाहिराती तर वाईटच. इंग्लंडमध्ये हे चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही.

पूर्ण वर्षाची वर्गणी मी पुन्हा भरणार नाही. काय शोधायचं याची यादी आधी करून एक महिन्याची घ्या, तेवढी पुरते. मला अजून मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी बघायच्या आहेत. कंपनी सरकारच्या काळातल्या या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवत, आता त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढचा महिना त्याच्यासाठी राखून ठेवलाय.