जुन्या पल्सरची कॉईल आणि माझे ३,७५० रुपये

माझ्याकडे २००८ ची पल्सर १५० आहे. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे ती विकायचा विषय घरात निघत नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, रात्री साडेअकराला सुटलो की पाथर्डी फाट्यापर्यंत हीच सोबत. गेल्या पावसाळ्यात तिने नखरे सुरू केले. आधी हॉर्न घोगरा झाला. मग इंडिकेटर दिला की मागचा दिवाही त्याच्याबरोबर मंद व्हायला लागला. एका रात्री कंपनीच्या गेटवर सेल्फ मारला, तर नुसतं टक-टक-टक. किकवर कशीबशी घरी आणली.

बॅटरी आठच महिन्यांपूर्वी नवी टाकली होती, १२ व्होल्ट ९ एएचची. म्हणून रविवारी दुपारी सिडकोतल्या एका गॅरेजवर गेलो. नाव लिहीत नाही. माणूस बोलायला गोड. त्याने सीटखालचं कव्हर काढलं, मीटरची लाल पिन प्लसला आणि काळी मायनसला लावली. गाडी बंद असताना १२.१ व्होल्ट. चालू करून रेस दिली, तरी १२.१.

“बघा भाऊ, चार्जिंगच येत नाही. रेस दिल्यावर हे चौदाच्या आसपास जायला पाहिजे. कॉईल प्लेट गेली, जाता जाता आरआरपण घेऊन गेली.”

कॉईल प्लेट म्हणजे इंजिनाबरोबर वीज तयार करणारी, आणि आरआर म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, ती वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारं. आकडा डोळ्यांसमोर होता. मी काय बोलणार? गाडी ठेवून जा म्हणाला, मी ठेवली. इथेच चुकलो.

संध्याकाळी गाडी एका सेल्फला चालू. कॉईल प्लेट १,६००, आरआर ८५०, गॅस्केट आणि ऑईल ६००, मजुरी ७००. एकूण ३,७५०, तेही कच्च्या चिठ्ठीवर. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वाढेल. जुने पार्ट मागितले तर म्हणे, “भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.” मी गाडी टाकली होती दुपारी एकला. हे माझ्या डोक्यात शिरलं रात्री जेवताना.

तीन आठवडे गाडी छान चालली. मग पुन्हा तेच, घोगरा हॉर्न आणि टक-टक. या वेळी गाडी गॅरेजवर नेली नाही, जेलरोडच्या मामांना फोन केला. मामा एकलहऱ्याच्या थर्मलमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेत. ते आले, पण मीटर पिशवीतच ठेवून गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि इंजिनाच्या कव्हरकडे बोट दाखवलं.

“अरे, हे उघडल्याशिवाय कॉईल निघते का?”

कव्हरच्या प्रत्येक बोल्टाच्या डोक्यात माती वाळून दगड झाली होती. पाना लागल्याची एक खूण नाही. कडेने डोकावणारं गॅस्केट जुनं, तेलकट काळं. बदललेलं म्हणून सांगितलेलं ऑईल तर डांबरासारखं. आरआर नुसतं पेट्रोलने पुसलेलं, मागच्या बाजूला गंज तसाच.

मग मामांनी कॉईलकडून येणारा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, सोडवला, मीटर एसी व्होल्टेजवर टाकलं आणि मला रेस द्यायला लावली. आकडा रेसबरोबर वर चढत गेला. म्हणजे जुनी कॉईल ठणठणीत. दोष सापडला आरआरच्या कपलरमध्ये. एक पिन जळून काळी पडलेली, भोवतालचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. पावसाचं पाणी, पिनेवर चढलेला हिरवा थर, त्यामुळे सैल पडलेला कॉन्टॅक्ट. सैल जागी वायर तापते, तापली की आणखी सैल होते. गॅरेजवाल्याने ती पिन घासून दाबली असणार, म्हणून तीन आठवडे निभावलं. त्याचं रीडिंग खरंच होतं हो. चार्जिंग येतच नव्हतं. पण ‘चार्जिंग येत नाही’ याची कारणं चार, त्यातलं सगळ्यात महागडं त्याने मला विकलं.

नवा कपलर, वायरचा तुकडा, १२० रुपये. अर्थची वायर चेसिसला जिथे बसते ती जागा मामांनी पॉलिश पेपरने चकचकीत केली. रेस दिल्यावर १४.२.

तरीही सेल्फ दाबला की व्होल्टेज नऊच्या खाली कोसळत होतं. आठ महिन्यांच्या बॅटरीचं असं व्हायला नको, दहाच्या आसपास तरी टिकायला हवं. मी घरातून वॉरंटी कार्ड आणलं. कार्डावरचा नंबर आणि गाडीतल्या बॅटरीवरचा नंबर वेगळे! कंपनी तीच, रंग तोच. कोणाची तरी मरायला टेकलेली बॅटरी माझ्या गाडीत, आणि माझी कुठल्या गाडीत, देव जाणे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करावी म्हटलं, तर दाखवायला पक्कं बिल नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट होता, पण पैसे गेलेले त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. शेवटी मामाच माझ्याबरोबर गॅरेजवर आले. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर शांतपणे म्हणाले, “आत्ता इथेच कव्हर उघड. आत नवी कॉईल निघाली तर वर हजार रुपये देतो.”

पोराची चूक झाली, माझं लक्ष नव्हतं, असं बरंच काही पुटपुटत त्याने दोन हजार काढून दिले. बॅटरीचं नाव काढल्यावर मात्र उलटा माझ्यावरच घसरला, “तुम्हीच कुठे बदलून आणली असेल.” त्यावर माझ्याकडे पुरावा नव्हता. गाडी टाकताना बॅटरीच्या नंबरचा साधा फोटोसुद्धा काढला नव्हता.

नवी बॅटरी आता बसवली आहे. तिच्यावर, आरआरवर आणि कॉईलच्या कव्हरवर बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका आहे. गाडी कुठेही टाकली की त्या तिन्हींचे फोटो मी काढतो, आणि तेही मेकॅनिकला दिसेल असे.