‘पिठी’ म्हणून पीठ : पाच महिने, तीन पिशव्या

पिशवीवर ठसठशीत छापलंय ‘तांदळाची पिठी’. पिठी म्हणजे भिजवलेल्या तांदळाची, मऊ आणि बारीक. आत आहे ते कोरडं दळलेलं, रवाळ पीठ. या दोन शब्दांतला फरक ज्यांना कळतो त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

घरात एकाला गहू बंद झाला, म्हणून केक-पाव सगळं तांदळावर आणलं. ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही म्हणजे पाव फारसा फुगणार नाही, हे धरूनच चालले होते. इसबगोल घालून ते निभावलं. निभावली नाही ती कचकच. केकचा घास मऊ, आणि गिळताना जिभेवर बारीक वाळू! कोरडी चिमूट बोटांत चोळली तरी खरखरीत लागते.

कंपनीला फोन केला. म्हणे, ‘मॅडम, तांदळाचं पीठ असंच असतं.’ असं कसं? तांदळाच्या स्टार्चचा कण जेमतेम ३ ते ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बटाट्याचा १०० पर्यंत जातो. तांदळाचा इतका बारीक, की चेहऱ्याच्या पावडरीत तो वापरतात. पलीकडे शांतता. मग फोटो पाठवा, बॅच नंबर पाठवा. बारा दिवसांनी बदली पिशवी आली. बॅच तीच.

खरी गोम दळण्यात आहे. कोरडा तांदूळ दळला की हे कण सुटे होत नाहीत, गठ्ठ्यानं फुटतात. भिजवून, निथळून ओलसर दळला तर दाणा मऊ पडलेला असतो, स्टार्चही कमी चेचला जातो. चेचलेला स्टार्च पाणी जास्त ओढतो, म्हणून पिशवी बदलली की पाण्याचं मापही चुकतं.

आता दोन पिशव्या टाकून थोड्याच देणार? तळणाच्या आवरणात घातलं, तिथे मात्र हाच रवाळपणा कामी आला. कुरकुरीत, आणि गव्हाच्या पिठापेक्षा तेल कमी पितं. उरलेल्याची खळ केली. पीठ एक वाटी, पाणी सहा, मंद आचेवर सतत ढवळायचं. बराच वेळ पांढरं पाणीच दिसतं आणि मग एकदम दाटतं. फाटलेल्या तीन पुस्तकांचे कणे चिकटवले. त्यातल्या एकात कागदाखाली कण राहिलाय. पुस्तक उघडलं की बोट आपोआप तिकडेच जातं.

दुरुस्ती, तीन आठवड्यांनी : केकचं मिश्रण चुकून रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं. सकाळी भाजला, कचकच जवळपास गायब! कणांना पाणी प्यायला वेळ हवा होता, एवढंच. या पिठाला आधी पाचपैकी एक तारा दिला होता, आता तीन. चौथा नाही, कारण हे पिशवीवर एका ओळीत छापता आलं असतं. (तयार केक मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, दगड होतो. गरम केला की पुन्हा मऊ.)

गहू वर्ज्य असणाऱ्यांनी ‘ग्लूटेन-फ्री’ची खूण बघूनच घ्या. आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेन आहे, आणि त्याच गिरणीत गहू दळला जात असेल तर नुसतं ‘तांदूळ’ लिहून भागत नाही.

हल्ली मी पिठी घरीच करते : तांदूळ भिजवून, फडक्यावर निथळून मिक्सरमधून काढते. ओलसर तशीच ठेवली ती दोन दिवसांत आंबूस झाली, म्हणून आता वाळवते. चाळणीवर उरतो तो चुरा वेगळ्या डब्यात. तळणाला.