टायमिंग चेन घरी बदलायची की गॅरेजला द्यायची?

सकाळी बाइक सुरू केली की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर येते. इंजिन गरम झालं की ती जरा दबते, आणि कात्रजचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, "टायमिंग चेन गेली, इंजिन उघडावं लागेल." ही चेन इंजिनाच्या आत असते: क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, तिच्यामार्फत वरचा कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, फिरवतो. मग घरी येऊन आपण दोन-चार व्हिडिओ बघतो आणि वाटतं, हे तर रविवारी पार्किंगमध्ये आपणही करू.

मी दोन्ही करून पाहिलं आहे. वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरची चेन धायरीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलली. भावाच्या दीडशे सीसीच्या बाइकची गॅरेजमध्ये बदलून घेतली, आणि तीही दोनदा, त्याचं कारण पुढे येईलच. माझं मत आधीच सांगतो: हा निर्णय पैशांवर घेऊ नका. या कामात चेन स्वस्त असते, तिच्यापर्यंत पोचणं महाग पडतं. तुमच्या इंजिनात तिथवर जायला काय काय उघडावं लागतं, आणि उघडल्यावर आतलं सगळं नीट बघून कोण बदलेल, या दोन गोष्टींवर ठरवा.

आधी आवाज ओळखा

पाने हातात घेण्याआधी एक संध्याकाळ फक्त ऐकण्यात घालवा. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या भागाचा, आवाज बारीक आणि ठेक्यात असतो, टिक-टिक-टिक. तो गॅप सेट केल्यावर जातो. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर तुमची वाट क्लचकडे जाते, चेनकडे नाही. पिस्टनचा आवाज थंडीत जास्त आणि इंजिन तापलं की कमी. टायमिंग चेनची खरखर मात्र इंजिनाच्या एकाच बाजूने, सिलिंडरच्या कडेने येते आणि आरपीएम खाली येताना जास्त जाणवते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की बाजू पटकन कळते.

चेन "लांबते" असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश झिजतं. समजा 90 कड्या आहेत आणि प्रत्येक जोड 0.02 मिलिमीटर झिजला, तर एकूण चेन 1.8 मिलिमीटर लांब झाली. ही ढील टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, खाऊन टाकतो, म्हणून बरीच वर्षं काही कळत नाही. त्याचा दांडा पुढे सरकायचा संपला की चेन केसिंगला घासायला लागते. काळं पडलेलं, वेळेवर न बदललेलं ऑईल हे या झिजेचं सगळ्यात मोठं कारण आहे, कारण त्यातली काजळी आणि बारीक कण त्या पिनांमध्येच फिरत राहतात.

कधी कधी चेन ठीक असते आणि टेन्शनरच अडकलेला किंवा त्याची स्प्रिंग ढिली पडलेली असते. बऱ्याच उभ्या इंजिनांत तो बाहेरून दोन बोल्टांवर बसतो आणि इंजिन न उघडता बदलता येतो. हे काम घरी करायला कुणालाच अडचण नसावी, फक्त पिस्टन अगदी वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला आणून मगच तो काढायचा आणि तो बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही. टेन्शनर बदलून आवाज गेला तर उरलेला लेख वाचायचीही गरज नाही.

कोणती गाडी, कोणतं इंजिन

स्प्लेंडर आणि तिच्या जातीच्या 97.2 सीसीच्या आडव्या इंजिनात चेन डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाच्या मागे असते. हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या भागाचं, डावं गोल झाकण काढलं की कॅमचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक, समोर येतं. मग मॅग्नेट आणि त्यामागची कॉइलची स्टेटर प्लेट काढली की क्रँकचं स्प्रॉकेट. इंजिन फ्रेममधून उतरवायचं नाही, क्लच उघडायचा नाही. घरी शिकायचं असेल तर याच इंजिनावर.

उभ्या इंजिनांमध्ये गोष्ट वेगळी होते. काहींत क्रँकचं स्प्रॉकेट क्लचच्या बाजूला असतं. बऱ्याच इंजिनांत पुढचं गाइड, म्हणजे चेन ज्याला घासत चालते ती लांब पट्टी, वरून उचलून काढावी लागते आणि त्यासाठी हेड उतरवावं लागतं. हेड उघडलं की पॅकिंग नवं हवं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या पिळाने, आवळायला हवेत. पहिल्यांदाच करणाऱ्याने हे घरी करू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. बुलेटवाल्यांसाठी एवढंच, की जुन्या पुशरॉड इंजिनांत ही चेनच नाही, तिथे गिअर असतात. 2020 मध्ये रॉयल एनफील्ड मीटिओरबरोबर आलेल्या नव्या 350 इंजिनांत मात्र ती आहे.

चारचाकीसाठी घरचा विचार सोडा. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन आहे, पण ती झाकणाआड, इंजिन माउंटच्या खाली दडलेली असते. इंजिन जॅकवर तोलायचं, पुली काढायची, झाकण सीलंट लावून परत बसवायचं, हे पार्किंगमधलं काम नव्हे.

घर आणि गॅरेज, समोरासमोर

हत्यारांचा हिशेब आधी करू. घरी करायचं तर साधे पाने पुरत नाहीत. मॅग्नेट ओढायला त्याच्या आट्यांना बसणारा पुलर हवाच. हातोडीने ठोकून मॅग्नेट काढणारे असतात, पण त्या धक्क्याने क्रँकचं टोक आणि आटे खराब होतात, आणि मग चेन-स्प्रॉकेट-गाइडच्या किटच्या कितीतरी पट खर्च येतो. त्याशिवाय गॅप मोजायला फीलर गेज हवा आणि शक्यतो बोल्ट ठरलेल्या पिळाने आवळणारा टॉर्क रेंच. किट काही शे रुपयांचं, आणि चांगला टॉर्क रेंच त्याहून महाग. म्हणजे पहिल्या वेळी घरी केल्याने पैसे वाचत नाहीत, झालेच तर थोडे जास्त जातात. पुलर आणि पाने पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी मिळतात, पण पुलरचे आटे झिजलेले नाहीत ना हे नखाने चाचपून घ्या. टॉर्क रेंच मात्र तिथून घेऊ नका, तो किती बरोबर दाखवतो ते बघून कळत नाही.

मॅग्नेटचा नट हा घरच्या कामातला सगळ्यात चिवट भाग. गॅरेजमध्ये मॅग्नेट धरायचा होल्डर किंवा इम्पॅक्ट गन असते, तिथे दोन मिनिटांत सुटतो. माझा त्यातच अर्धा तास गेला.

वेळेच्या बाबतीत गॅरेज पुढे आहे यात शंका नाही. सरावाचा माणूस हे काम अर्ध्या दिवसात सहज उरकतो. मला पूर्ण शनिवार आणि रविवारची सकाळ लागली. घरी एकदा गाडी उघडली की ती अडकून पडते, हेही लक्षात ठेवा. मी आणलेलं ओ-रिंग बसेना, तेव्हा सिटी बसने नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात जावं लागलं. म्हणून सामान आधी पूर्ण आणा: चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गाइड किंवा रोलर, टेन्शनर, पॅकिंग, ओ-रिंग, ऑईल सील, ऑईल. नाना पेठेत दुकानदाराला मॉडेल आणि वर्ष नीट सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार चेनच्या कड्या बदलतात. पाकिटावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी बघा. शंका आली तर घेऊ नका, इथे स्वस्त माल परवडत नाही.

आता भावाच्या गाडीची गोष्ट. पहिल्या वेळी एका गॅरेजने चेन बदलली आणि जुनंच गाइड आणि जुनंच स्प्रॉकेट ठेवलं. बिल कमी आलं, आम्हीही खूश झालो. तीन महिन्यांत आवाज परत. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर खराब होते. दुसऱ्या वेळी पूर्ण किट टाकलं आणि उघडण्या-बसवण्याची मजुरी पुन्हा दिली. घरी करण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. स्वतः उघडलं की माणूस घाई करत नाही, गाइडवरची खाच डोळ्यांनी बघतो. जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली की फरक दिसतो. आडवी धरली तर जुनी जास्त वाकते, तेव्हा झीज म्हणजे काय हे समजतं.

पण चुकीची किंमतही घरीच जास्त. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला दुप्पट दात असतात. समजा त्याला 32 दात आहेत. चेन एका दाताने चुकली की कॅम 11.25 अंशांनी हलला, म्हणजे क्रँकच्या हिशेबात 22.5 अंश. गाडीची ओढ जाते, सुरू व्हायला त्रास होतो. अजून दात चुकले तर पिस्टन व्हॉल्ववर आदळून व्हॉल्व वाकू शकतात.

हे टाळण्याचा उपाय साधा आहे आणि तो घरीच काय, गॅरेजमध्येही करून घ्या. काढण्याआधी मॅग्नेटवरची "टी" खूण केसिंगच्या खाचेशी आणि कॅमची खूण हेडच्या खुणेशी जुळवायची, फोटो काढायचा. प्लग काढून ठेवायचा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. चेन सुटताना तिला तार बांधायची, नाहीतर ती आत घसरते, आणि भोकात स्वच्छ फडकं कोंबायचं, म्हणजे बोल्ट आत पडत नाही. सगळं बसवल्यावर सेल्फ किंवा किक मारायची नाही. पान्याने क्रँक हळूहळू, त्याच्या चालण्याच्या दिशेनेच, पूर्ण दोन वेळा फिरवायचा आणि खुणा परत जुळतात का बघायचं. मध्ये कुठे ठक्क करून अडलं तर जोर लावायचा नाही, परत उघडायचं. घाईच्या वेळी गॅरेजमध्ये हीच पायरी गाळली जाते. तुम्ही उभे असाल तर गाळली जाणार नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं थोडक्यात सांगतो. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचार नको, तिकडेच द्या. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्यांतही मी तिकडे झुकेन, कारण मॅग्नेटजवळच्या सेन्सरची वायर ओढली गेली तर गाडी सुरूच होणार नाही. पण तिथे सहसा कामाजवळ उभं राहू देत नाहीत, म्हणून जुने सुटे भाग परत हवेत असं जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या.

मग काय निवडायचं

आडवं इंजिन, वॉरंटी संपलेली, घरात दुसरी गाडी, दोन मोकळे दिवस आणि पुलर: एवढं असेल तर घरी करा. हेड उतरवावं लागणार असेल, किंवा सोमवारी सकाळी त्याच गाडीने हिंजवडी गाठायची असेल, तर गॅरेज. त्यातही मी मधला मार्ग निवडेन: किट स्वतः नाना पेठेतून आणायचं, ओळखीच्या मेकॅनिकला "दादा, पूर्ण किट टाका आणि खुणा मला दाखवा" असं आधीच सांगायचं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून शेजारी थांबायचं. चांगला मेकॅनिक याचा राग धरत नाही.

घरी केलंत तर काढलेलं ऑईल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. ते पार्किंगच्या जाळीत ओतलं तर ओढ्यातून थेट मुठेत जातं. आणि पहिल्या आठवड्यात रोज सकाळी मॅग्नेटच्या झाकणाखाली बोट फिरवून बघा. बोटाला तेल लागलं तर ओ-रिंग किंवा ऑईल सील नीट बसलेलं नाही.