जर्नल तपासायची दोन मोफत साधनं: स्कोपस सोर्सेस आणि मास्टर जर्नल लिस्ट

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे निवडक जर्नलांतल्या लेखांची नोंद ठेवणारे दोन मोठे डेटाबेस. प्रबंध सादर करण्याआधी ‘स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समधल्या जर्नलात’ पेपर हवा अशी अट असली, की जर्नलच्या वेबसाइटवरचा लोगो बघून पेपर पाठवणारे पुष्कळ निघतात. लोगो काय, कुणीही चिकटवतं. खात्री मूळ यादीतच करायची, आणि दोन्ही याद्या सबस्क्रिप्शनशिवाय बघता येतात. दोन्ही वापरा, कारण एकीचं काम दुसरीने भागत नाही.

एल्सेव्हियरच्या स्कोपसचं ‘सोर्सेस’ पान आधी घेऊ. इथे नावाने शोधू नका, आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा आठ अंकी ओळख क्रमांक, टाका. जर्नलांची नावं इतकी मिळतीजुळती असतात की एखाद्या ‘इंटरनॅशनल’च्या फरकाने भलतंच जर्नल समोर येतं. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात, म्हणून एकाने काही मिळालं नाही तर दुसरा टाकून बघा. शेवटचा अंक कधीकधी एक्स असतो, तोही टाकायचा.

जर्नलचं पान उघडलं की नजर थेट सायटस्कोरवर, म्हणजे जर्नलच्या लेखांचे इतरांनी किती संदर्भ दिले ते सांगणाऱ्या आकड्यावर, जाते. आधी कव्हरेजच्या वर्षांची, म्हणजे स्कोपसने कोणत्या वर्षांचे लेख घेतले याची, ओळ वाचा. तिथे समजा ‘२०११ ते २०२३’ आणि पुढे ‘कव्हरेज डिसकंटिन्यूड’ असं दिसलं, तर ते जर्नल बाद झालेलं आहे. आधी घेतलेले लेख मात्र स्कोपसमध्ये सहसा तसेच राहतात. त्यामुळे जर्नल शोधात सापडतं, जुने लेख दिसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. याच यादीची एक्सेल फाइलही मिळते. तिच्यात बाद केलेल्या जर्नलांचं वेगळं शीट असतं, कारणासकट. ही फाइल पानापेक्षा उपयोगी आहे, तरी फारसं कुणी उघडत नाही.

सायटस्कोर हा मागे वळून बघणारा आकडा आहे. २०२४ चा सायटस्कोर २०२१ ते २०२४ मधल्या लेखांना त्याच चार वर्षांत मिळालेल्या सायटेशनवरून (संदर्भांवरून) निघतो. विषयातली जर्नलं क्रमाने लावून चार भाग केले की प्रत्येक भाग हा एक क्वार्टाइल, सगळ्यात वरचा क्यू वन. क्यू वन, क्यू टूची अट असेल तर विषयवार पर्सेंटाइल बघा, ७५ किंवा त्यावर म्हणजे क्यू वन. एकच जर्नल एका विषयात क्यू वन आणि दुसऱ्यात क्यू थ्री असू शकतं. शिवाय स्कोपसच्याच माहितीवरून जर्नलांची क्रमवारी लावणाऱ्या सायमॅगोचा क्वार्टाइल वेगळा आणि वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेटचा आणखी वेगळा. नियमात नुसतं ‘क्यू टू’ लिहिलं असेल तर कोणाचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या विषयातला हे संशोधन विभागाकडून लेखी घ्या. तोंडी होकार सबमिशनच्या दिवशी कामाला येत नाही.

क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट एका गोष्टीत सरस आहे: जर्नल वेब ऑफ सायन्सच्या नेमक्या कुठल्या इंडेक्समध्ये (उपयादीत) आहे ते ती सांगते. एससीआयई विज्ञानाच्या जर्नलांची, एसएससीआय सामाजिक शास्त्रांची, आणि ईएससीआय नव्याने पुढे येणाऱ्या जर्नलांची. २०२३ पासून ईएससीआयमधल्या जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे क्लॅरिव्हेटचा सायटेशनवरून काढलेला आकडा, मिळू लागला. म्हणजे ‘इम्पॅक्ट फॅक्टर आहे, तेव्हा एससीआयईच असणार’ हा जुना हिशेब आता चुकतो. अटीत फक्त एससीआयई आणि एसएससीआय लिहिलं असेल, तर ईएससीआयमधला पेपर परत येऊ शकतो.

दोन्ही साधनं एका ठिकाणी तोकडी पडतात. जर्नल खरं असतं, यादीत असतं, पण तुम्ही ज्या साइटवर पेपर पाठवता ती त्याच नावाची नक्कल असते. आयएसएसएन जुळतो, कारण तोही चोरलेलाच. यावर उपाय: साइटवरच्या ताज्या अंकातल्या तीन-चार लेखांचे डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उचला आणि ‘डीओआय डॉट ओआरजी’वर टाकून उघडा. उघडतच नाहीत, किंवा दुसऱ्याच साइटवर नेतात, तर तिथेच थांबा. मागे घेतलेल्या संशोधन लेखांवर नजर ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ची हायजॅक झालेल्या, म्हणजे अशी नक्कल झालेल्या, जर्नलांची यादीही चाळा.

दुसरा दोष काळाचा. दोन्ही याद्या आजची स्थिती दाखवतात, आणि पेपर पाठवण्यापासून छापून येईपर्यंत कित्येक महिने जातात. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने ५० हून जास्त जर्नलं एका झटक्यात काढली. त्यांत ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल रिसर्च अँड पब्लिक हेल्थ’सारखं मोठं जर्नलही होतं. म्हणून पाठवताना, स्वीकृती आल्यावर आणि छापून आल्यावर, असं तीनदा यादीचं पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा. छापून आल्यावरही लेख स्कोपसमध्ये दिसायला वेळ लागतो, तेव्हा सबमिशनची तारीख ठरवताना तो धरा.

परिषदांसाठी मात्र ही साधनं जेमतेमच. ‘स्कोपस इंडेक्स्ड कॉन्फरन्स’ या जाहिरातीचा अर्थ बहुतेकदा इतकाच, की मागच्या एखाद्या वर्षाचं प्रोसीडिंग (परिषदेतल्या पेपरांचा संग्रह) स्कोपसमध्ये घेतलं गेलं होतं. यंदाचं कोणत्या प्रकाशकाकडे, कोणत्या मालिकेत जाणार ते आयोजकांना विचारा आणि त्या मालिकेचा आयएसएसएन मागा. तो देता येत नसेल तर नोंदणीचे पैसे भरू नका.