मेडिकल फिजिक्स करिअर मार्गदर्शन, ऑनलाइन आणि मराठीतून: साडेतीन स्टार

डिप.आर.पी. (एम.एस्सी.नंतरचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा) संपत आला की जो तो विचारतो, पुढे कशात? रेडिओथेरपी (कॅन्सरवरचे किरणोपचार), न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषध देऊन केलेले स्कॅन) की एक्स-रे, सीटीची डायग्नोस्टिक बाजू? आमच्या सांगलीत मेडिकल फिजिक्स म्हणजे ‘एक्स-रे काढणं’ इथपर्यंतच मजल. म्हणून पंधराशे रुपये भरून हे सेशन घेतलं. एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलातून निवृत्त झालेले सर व्हिडिओ कॉलवर दीड तास देतात.

मला वाटलं, पगाराचे तक्ते दाखवतील. त्याऐवजी आल्या आल्या कोडं घातलं. “समज, मुंबईहून पुण्याला आलीस. तोच फार्मर चेंबर (डोस मोजायचं, आत हवा असलेलं उपकरण), तसाच लिनॅक (किरणोपचाराचं मशीन), वॉटर फँटममध्ये (शरीराऐवजी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत) तीच दहा सेंटिमीटर खोली. रीडिंग सहा टक्के कमी येतंय. मशीनचं आउटपुट वाढवशील?” मी आधी बॅरोमीटर बघेन म्हणाले, तर सर खूश. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब कमी. चेंबर उघडा असल्यामुळे आतली हवा विरळ, म्हणून चार्जही कमी गोळा होतो. मशीन बिचारं ठीकच असतं. तापमान-दाबाची दुरुस्ती न लावता आउटपुट वाढवलं, तर प्रत्येक पेशंटला तेवढा जादा डोस. मग म्हणाले, “असल्या कटकटीत तुला मजा येते का, एवढंच बघत होतो. येत असेल तर रेडिओथेरपीत टिकशील.” इथेच माझे पैसे वसूल झाले.

न्यूक्लिअर मेडिसिनचा भागही झकास. स्कॅनच्या औषधातल्या किरणोत्सारी टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं. सकाळी आठला मोजलेली अ‍ॅक्टिव्हिटी दुपारी दोनला निम्मी. पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८ चं तर फक्त ११० मिनिटं. त्यामुळे पेशंट ट्रॅफिकमध्ये अडकला की इकडे औषध विरत चाललेलं, आणि पुढची सगळी यादी नव्याने लावायची. रेडिओथेरपीत घड्याळ वेगळं: रोजचं क्यूए (मशीनची तपासणी) पहिल्या पेशंटच्या आधी, आणि मोठी मोजमापं शेवटचा पेशंट गेल्यावर, म्हणजे रात्रीच. घरच्यांना आधीच सांगून ठेव, म्हणाले.

एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, जी कॉलेजात कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडे पात्रतेसाठीची वर्षभराची इंटर्नशिप करायची ती रेडिओथेरपी विभागातच. शिवाय रेडिओथेरपी केंद्राला मेडिकल फिजिसिस्ट ठेवावाच लागतो. एक्स-रे, सीटीच्या सेंटरला आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) लागतो, पण ते काम तिथला रेडिओलॉजिस्ट किंवा टेक्नॉलॉजिस्टही करू शकतो. मग फिजिसिस्टची जागा निघणार कुठून? निवड करायची ती बरीचशी नियमांनी आधीच करून ठेवलेली.

आता तक्रार. डायग्नोस्टिकला सरांनी जेमतेम पाच मिनिटं दिली. “तिथे काय आहे?” म्हणून विषयच मिटवला. मला लहान मुलांच्या सीटी डोसबद्दल विचारायचं होतं, एमआरआयबद्दलही. जागा कमी आहेत, मान्य, पण काम काय असतं ते तरी सांगाल! ज्या विषयात स्वतः आयुष्य घालवलं तोच भरभरून सांगायचा, ही आपल्याकडच्या ज्येष्ठांची जुनी खोड.

आणि नंतर मेलवर येणारी पीडीएफ निव्वळ उचलेगिरी. अर्धी पानं अमेरिकेतल्या रेसिडेन्सीवर आणि एबीआर या तिकडच्या रेडिओलॉजी बोर्डाच्या परीक्षेवर. तिकडे थेरपी, डायग्नोस्टिक आणि न्यूक्लिअर अशी तीन वेगळी बोर्ड प्रमाणपत्रं आहेत, हे वाचून इंटर्नशिप शोधणाऱ्या पोरीने काय करायचं? एईआरबीच्या (आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर इथे काय काय करावं लागतं, याची एक ओळ नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल आणि या क्षेत्रात यावं की नाही हेच ठरत नसेल, तर जरूर घ्या. डायग्नोस्टिकच करायचं असं आधीच डोक्यात असेल, तर त्या कामातलं कुणीतरी गाठा. मी इंटर्नशिपला ब्रॅकीथेरपी (शरीराच्या आत किरणोत्सारी स्रोत ठेवून केलेले उपचार) असलेलं केंद्र बघतेय, तेही सरांच्याच सांगण्यावरून. बुकिंग करताना मात्र वेळ विचारपूर्वक निवडा. आयत्या वेळी बदलली तर पैसे परत मिळत नाहीत, आणि रविवारचे स्लॉट लगेच भरतात.