वीज कुणाची, गॅस कुणाचा : सायन, अंधेरी, मुलुंड की कळवा?

मुंबई-ठाणे पट्ट्यात फ्लॅट बघताना लोक स्टेशन बघतात, पाणी बघतात, पार्किंगवरून भांडतात, पण मीटर कुणाचा हे फार थोडे विचारतात. आणि विचारलं तरी उत्तर असं मिळतं की मुंबई महापालिका म्हणजे बेस्ट, ठाणे म्हणजे महावितरण. तसं अजिबात नाहीये. मुलुंड-भांडुप मुंबई महापालिकेत आहे पण वीज महावितरणची, आणि कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे पण बिल टोरंट या खाजगी कंपनीचं येतं, बाकी ठाण्यात मात्र महावितरण. म्हणजे महापालिकेची हद्द आणि विजेची हद्द यांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे आधी डोक्यात बसवा.

पूर्वी होता. १९०५ मध्ये मुंबईत ट्राम आणि वीज दोन्ही एका खाजगी कंपनीला करारावर दिली होती आणि म्युनिसिपालिटीने त्या करारात पुढे कंपनी विकत घ्यायचा हक्क राखून ठेवला होता, तो वापरून ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी ताब्यात घेतली, तीच आपली बेस्ट. शहराने कंपनीला लगाम घालायचा तो खरा नमुना. आता २००३ च्या वीज कायद्याखाली परवाना आणि दर दोन्ही राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे. महापालिकेच्या हातात काय उरलं, तर रस्ता खोदायची परवानगी आणि खड्डा बुजवायचे पैसे.

तर चार जागा शेजारी-शेजारी ठेवून बघू.

सायन, दादर, माहीमपासून खाली कुलाब्यापर्यंत बेस्ट. मालक महापालिकाच, त्यामुळे आवाज उठवायला नगरसेवक असतो, बेस्ट समिती असते, हा फायदा खरा आहे. तोटा असा की पालिकेच्या घरातले बाकीचे खर्चही तुमच्या बिलात डोकावू शकतात. काही वर्षं बसचा तोटा वीजग्राहकांकडून वेगळा आकार लावून वसूल केला जायचा, कोर्टकचेऱ्या झाल्या, नंतर तो आकार गेला. आणि इथे पर्याय जवळपास नाही. स्थानिक संस्थेला, म्हणजे इथे महापालिकेच्या बेस्टला, आपल्या तारा दुसऱ्याला वापरू द्यायच्या सक्तीतून कायद्याने सूट आहे, म्हणून टाटा पॉवर या खाजगी वीज कंपनीला बेस्टच्या भागात घरगुती ग्राहक घ्यायचा तर स्वतःच्या तारा टाकाव्या लागतात, आणि दादरच्या गल्लीत ते किती सोपं आहे ते तुम्हीच बघा.

अंधेरी, बोरिवली, चेंबूर ही उपनगरं म्हणजे अदानी (२०१८ पर्यंत रिलायन्स, त्याआधी बीएसईएस) आणि त्याच भागात टाटालाही परवाना. एका जागी दोन परवानेधारक, हे घरगुती ग्राहकासाठी देशात फार दुर्मिळ. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने टाटाला किरकोळ ग्राहकाला वीज विकता येते असं सांगितलं आणि २००९ पासून बदलाबदली सुरू झाली. यात दोन प्रकार आहेत आणि लोक कायम गोंधळतात. चेंजओव्हर म्हणजे तारा अदानीच्याच, वीज टाटाची, अदानीला तारांचं भाडं म्हणजे वहन आकार जातो. स्विचओव्हर म्हणजे टाटाची स्वतःची तार तुमच्या मीटरपर्यंत. चेंजओव्हर केलं तर लाईट गेल्यावर तारवाल्याचाच माणूस येणार हे लक्षात ठेवा, सर्व्हिस बदलेल म्हणून बदलू नका. दोघांनी एकाच बिल्डिंगला तारा टाकून खर्च डबल होऊ नये म्हणून आयोगाने नियम घालून दिलेत, त्यामुळे तुमच्या सोसायटीत कुठला प्रकार होतो ते आधी विचारावं लागतं.

स्वस्त कोण? इथेच सगळे फसतात. शेजाऱ्याला स्वस्त पडलं म्हणून तुम्हाला पडेल असं नाही, कारण दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग वर. एक कंपनी खालच्या टप्प्यात स्वस्त आणि दुसरी वरच्या, असं होऊ शकतं आणि आयोगाचा नवा आदेश आला की चित्र पुन्हा बदलतं. २०१२ मध्ये तर ३०० युनिटच्या आतल्या ग्राहकांनाच बदलता येईल अशी अटही आयोगाने घातली होती, कारण मोठी गिऱ्हाईकं निघून गेली तर मागे राहिलेल्या छोट्यांवर बोजा येतो. वर जुनी कंपनी सोडली तरी तिची आधीची थकलेली वसुली नियामक आकार म्हणून तुमच्या मागे यायची. सगळ्यात बरं म्हणजे मागच्या वर्षाची बारा बिलं काढा, दोन्ही कंपन्यांच्या चालू दरपत्रकावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन (इंधनाच्या भावाप्रमाणे वर-खाली होणारा आकार) आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं लावून बघा, नुसता युनिटचा रेट बघू नका. एसी चालवणाऱ्या घराचं मे महिन्याचं बिल आणि जानेवारीचं बिल दोन्ही हवं.

मुलुंड-भांडुप आणि बरंचसं ठाणे, नवी मुंबई : महावितरण. राज्यभर एकच दरपत्रक, म्हणजे मुलुंडचा माणूस गडचिरोलीच्या माणसाइतकाच रेट देतो. शेतीची सवलत, गळती, सगळा भार त्या एका पातेल्यात शिजतो. पर्याय नाही, पण नियम सरळ आहेत.

कळवा-मुंब्रा-शीळ (१ मार्च २०२० पासून) आणि भिवंडी (२६ जानेवारी २००७ पासून) टोरंट. इथे नीट वाचा, कारण टोरंट परवानेधारक नाही, महावितरणची फ्रँचायझी आहे. परवाना महावितरणचाच, कायद्याने ग्राहक तुम्ही महावितरणचेच, दरही महावितरणचाच. मग टोरंट कमावते कशातून? ती महावितरणला भागाच्या तोंडाशी मोजलेल्या युनिटचे बोलीत ठरलेल्या दराने पैसे देते आणि आत जे वसूल होईल ते तिचं. म्हणजे चोरी आणि गळती जितकी कमी तितका तिचा फायदा. भिवंडीत निम्म्याहून जास्त विजेचे पैसेच हाती यायचे नाहीत, तिथे गळती खूप खाली आली, केबल-ट्रान्सफॉर्मर नवे बसले, हे मान्यच करायला पाहिजे. पण त्याच गणितामुळे मीटर बदलणं, तपासणी, थकबाकी वसुली यात ती महावितरणपेक्षा कडक असते. नियमित बिल भरणाऱ्याला याचा त्रास फारसा नाही. जुना फ्लॅट घेणाऱ्याला आहे, कारण आधीच्या मालकाची थकबाकी जागेला चिकटून तुमच्या गळ्यात येऊ शकते.

फ्रँचायझीचा दुसरा धोका म्हणजे ती करारावर असते. औरंगाबादला जीटीएल ही फ्रँचायझी कंपनी २०११ ला आली, २०१४ मध्ये महावितरणने करार मोडला. नागपूरला २०११ ला आलेली फ्रँचायझी २०१९ मध्ये निघून गेली. लाईट बंद पडत नाही अशा वेळी, पण तक्रारी, डिपॉझिटच्या नोंदी, चुकलेली बिलं मध्येच लटकतात, म्हणून पावत्या टाकू नका.

तक्रारीची शिडी चारही ठिकाणी सारखीच : आधी कंपनीचा कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. वकिलाची गरज नसते.

गॅसला मात्र यातलं काहीच लागू नाही. चारही जागी पाइप आला असेल तर तो महानगर गॅसचाच, बदलायची सोयच नाही, आणि परवानगी दिल्लीच्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची. पण हे मंडळ ग्राहकाचा दर ठरवत नाही, तो अधिकार त्याला नाहीच असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं. म्हणजे विजेचा दर जाहीर सुनावणी होऊन ठरतो, तुम्ही हरकत नोंदवू शकता, आणि गॅसचा दर कंपनी ठरवते. तिला घरगुतीसाठी मिळणाऱ्या देशी गॅसच्या दरावर २०२३ पासून सरकारने वरची मर्यादा ठेवलीय एवढाच काय तो आधार.

तरी सिलिंडर की पाइप विचारलं तर मी पाइप म्हणेन. हिशोब करताना एक घरगुती सिलिंडर म्हणजे साधारण १७-१८ युनिट (घनमीटर) पाइप गॅस असं धरा आणि चालू भावाने गुणा, फरक लगेच कळतो. सिलिंडरवर सबसिडी मिळत असेल तर तीही वजा करा. फक्त बिल्डरने 'गॅसची सोय आहे' म्हटलं की गच्चीवरून उतरलेला पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आलाय का आणि त्यात गॅस चालू आहे का ते शेजारच्या घरात विचारा, कारण नुसता पाइप लागून कित्येक महिने कोरडा असलेल्या बिल्डिंगा भरपूर आहेत, आणि तोपर्यंत सिलिंडर सोडू नका.